बेटाचं पश्चिम टोक

बहात्तरच्या दुष्काळात परंड्याच्या बाजूला सरकारी कामावर एक तलाव झाला. दगडाबाई त्या कामावर आधी खडी फोडायची, पुढं बांधाच्या उतारावर दगड बसवायला लागली. त्याच उन्हाळ्यात तिची दोन वर्षांची पोर जुलाबानं गेली. बौद्धवाड्यातल्या चार माणसांनी पोरीला जवळच्या टेकाडावर पुरलं. पंच्याहत्तरला तलाव भरला, टेकाडाच्या चारी अंगांनी पाणी चढलं आणि त्याचं बेट झालं.

बेटाच्या दक्षिणेला मुरमाड, सपाट काठ होता. गावच्या मच्छीमार सोसायटीनं तिथं दोन खोपी घातल्या, जाळी वाळत घालायला सुरुवात केली. दगडाबाईही सभासद झाली. पण आषाढातलं वारं सुटलं की लाटा काठ खायच्या. तीन वर्षांत वीस हात जमीन पाण्यात गेली.

"सरळ भिंत घालू," चेअरमन ज्ञानोबा भोई म्हणाले.

"सरळ भिंतीला लाट धडकती अन् खालची माती उकरून नेती," दगडाबाई म्हणाली. "उतार पायजे. खाली बारीक खडी, वर मोठा दगड."

कुणी मनावर घेतलं नाही. भिंत उभी राहिली आणि पुढच्या आषाढात पायातून सुटून आडवी झाली.

मग ज्ञानोबा स्वतः तिच्या दारी आले. "बाई, तुमचंच खरं निघालं. आता तुम्ही सांगाल तसं करू."

ज्ञानोबांसोबत ती तराफ्यावरून बेटावर गेली, काठानं चालत सगळीकडं फिरली. पडलेल्या भिंतीचे दगड एकाच बाजूला पुरणार होते. आणि लाटा दोन ठिकाणी खात होत्या: जाळ्यांचा काठ आणि पश्चिमेचं टोक.

"काठाला घाला. टोक सोडा," ती म्हणाली.

ज्ञानोबा हळूच म्हणाले, "टोकावर तुमची पोर हाय, बाई."

"ठावं हाय मला. जाळी टोकावर वाळत न्हाईत."

"मग उकरून दुसरीकडं हलवू का?"

"नगं. एकदा मातीत दिली, ती दिली."

अकरा दिवस काम चाललं. तिनं खडी अंथरून घेतली, एकेक दगड हलवून पाहिला, डुगडुगला तो काढायला लावला. वरच्या अंगाला माती धरून ठेवायला बेशरमाच्या फांद्या खोचल्या. खोपींना लिंपायला काठाची माती काढायची नाही, असं सगळ्यांना बजावलं.

त्या आषाढात लाटा उतारावर चढल्या आणि फेस टाकून परत गेल्या. काठ राहिला. टोक मात्र ढासळतच होतं. तिसऱ्या वर्षी सोसायटीतला मच्छिंद्र तराफ्यावरून ओरडत आला, टोकाचा शेवटचा ढिगारा गेला म्हणून. दगडाबाई तेव्हा काठावरचा निसटलेला दगड बसवत होती. तो नीट बसल्यावर ती उठली, टोकापर्यंत चालत गेली. गढूळ पाण्याकडं बघत बराच वेळ उभी राहिली.

दुपारी खोपीत येऊन तिनं भाकर खाल्ली आणि मच्छिंद्रला म्हणाली, "उद्या तराफा भरून खडी आण. पूर्वेकडंबी खायला लागलंय."