मोटारीतलं तेज

करमाडच्या शिवारात पत्र्याच्या शेडपुढं सकाळपासून रांग लागली होती. आत विटांवर पाण्याची मोटार, तिच्यातून वर गेलेला लोखंडी पाइप, पाइपाला झेंडूची माळ. पाइप धरला की झिणझिण्या खांद्यापर्यंत चढत. शेडमधले बाबा सांगत, "हे तेज आहे. मेलेली नस जागी होते. भीती वाटली तर समजा, पाप बाहेर निघतंय." स्वतः ते खडावा घालून पाइपाला टेकून उभे राहत, त्यांना काही होत नसे. लोक म्हणत, अंगातच तेज, त्याला कसला झटका?

रांगेत वच्छलाबाई होत्या. अर्धांगवायूनं त्यांचा उजवा हात लुळा पडला होता. त्यांना परत न्यायला आलेला मुलगा सोनाजी आयटीआयमध्ये वीजतंत्रीचा विषय शिकवायचा.

"आई, घरी चल."

"तू पोरांना शिकव, मला नको. दवाखान्यात वरीस गेलं. बोट तरी हाललं का?"

शेजारच्या कमरुन्निसा म्हणाल्या, "बेटा, मागच्या जुम्याला मी धरला ना. पूरा हात सणसणला. गोळीनं असं कधी झालं?"

सोनाजीनं खिशातला टेस्टर पाइपाला टेकवला. आतला दिवा पेटला, म्हणजे पाइपात वीज होती. आता वेगळं सांगायला नको, असं त्याला वाटलं.

"बघा," बाबा शांतपणे म्हणाले, "मास्तरच्या हातातही तेज आलं."

रांगेनं हात जोडले.

"खडावा काढा आणि ओल्या पायानं धरा, बाबा."

"मास्तरला परीक्षा घ्यायची सवय," बाबा हसले. "मागं सारा रं याला."

दोघांनी सोनाजीला मागं ओढलं. पुढचा नंबर आप्पांचा होता, गुडघ्यांनी बेजार झालेले म्हातारे मेंढपाळ. रोज पायांखाली कोरडं गोणपाट असायचं. आज गर्दीच्या धक्क्यानं शेडमधली पाण्याची टाकी कलंडली होती आणि गोणपाट चिंब होतं. आप्पांनी पाइप धरला आणि मूठ सुटेना. तोंड उघडं, आवाज नाही.

"लई तेज उतरलं," मागून कोणी म्हणालं.

सोनाजीनं हिसडा देऊन मोटारीचं बटण गाठलं आणि बंद केलं. आप्पा कोसळले. रुग्णवाहिका येईपर्यंत तो त्यांची छाती दाबत राहिला. आप्पा उठले नाहीत. पंचनाम्यासाठी देह तिथंच ठेवला.

मग त्यानं प्लग उपसून सगळ्यांपुढं धरला. वरची जाड पिन मोडलेली होती.

"बिघडलेल्या मोटारीतली वीज ही पिन जमिनीत नेते. बोर्डाला दोनच भोकं, म्हणून हिला मोडलं. मग वीज माणसातून जमिनीत जाते. गोणपाट कोरडं तर झिणझिण्या, ओलं तर हे. आणि बाबांच्या खडावा लाकडाच्या."

बाबा खाली बसले होते. "नवी मोटार होती," ते पुटपुटले. "झटका देती म्हणून परत नेली. दुकानदार म्हणला, एवढं चालतंच, माल परत घेत नाय. मग काय करायचं तिचं?"

सोनाजीनं प्लग बाबांपुढं ठेवला.

"झटका देणारी वस्तू बिघडलेली असते," सोनाजी म्हणाला. "ती वापरू नका, पूजू तर नकाच. आयएसआयचा शिक्का बघा, पक्की पावती घ्या. दुकानदार ऐकत नसला तर ग्राहक मंचात जा, पण ती पिन मोडू नका."

पोलीस आले आणि बाबाला घेऊन गेले. वच्छलाबाई आप्पांच्या अनवाणी पायांकडं बघत होत्या.

"मंग माझा हात?"

"रोज व्यायाम केलास तर थोडा सुधारेल. डॉक्टर म्हणाले तेवढाच."

"तेवढाच," त्या म्हणाल्या आणि डाव्या हातानं उजवा हात उचलून पदरात घेतला.