फुटकी नावाची होडी

पुराचं पाणी गावात शिरायच्या आदल्या दिवशी माझे वडील, अण्णा, गोठ्यापुढच्या पत्र्याखाली होडीच्या इंजिनाला वंगण घालत होते. कृष्णा अजून पात्रात होती. मी कोल्हापुरातून कॉलेजचे पेपर तपासायला घेऊन माहेरी आले होते, पायरीवर बसून तेच करत होते.

"अनू, एवढी लाल शाई लावू नगंस," अण्णा म्हणाले. "पोरं घाबरत्याल."

दुपारी पूर पथकातले विजयसिंह वायरलेसचे संच घेऊन आले. एक संच होडीत राहणार होता आणि एक आमच्या माडीवर, कारण गल्लीत आमचीच माडी उंच. होडीवर रंगवलेलं नाव वाचून ते थबकले. 'फुटकी'.

"अहो अण्णा, हे काय नाव?"

"का? वळणदार काढलंय की."

"उद्या मी वायरलेसवर सांगितलं, फुटकी माणसं घेऊन निघालीय, तर ऐकणाऱ्यानं काय समजायचं?"

"त्ये तुमी समजावून सांगा की, पावणं."

माझ्या आजीच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली होती, म्हणून तिचं नाव धोंडुबाई ठेवलं. दगडावर कुणाची नजर जात नाही. आजी पतवंडं बघून गेली. अण्णांचा तेवढ्या एका पुराव्यावर विश्वास होता. मागच्या पुरात त्यांनी गुळाच्या काहिलीत बसवून माणसं काढली होती. त्यानंतर ही होडी करून घेतली, तेव्हा म्हणाले होते, "गरुड न् राजहंस म्हटलं की नदी वळून बघती."

मला ते नाव तोंडातून काढवत नसे. मी नुसतं 'होडी' म्हणायची.

शेवटी विजयसिंहांनी तोडगा काढला. वायरलेसवर तिला 'तीन नंबर' म्हणायचं. अण्णांनी मान डोलावली आणि म्हशीची धार काढायला गेले.

सकाळी पाणी अंगणात आलं. म्हशीला आम्ही ढकलत, चुचकारत जिन्यानं माडीवर चढवलं. दुपारपर्यंत जिन्याच्या खालच्या पायऱ्या दिसेनाशा झाल्या. खिडकीतून समोरच्या घराची कौलं आणि तपकिरी पाणी, एवढंच दिसत होतं. आमच्या घराची खालची भिंत जुनी, मातीची. तिच्यातून मधूनच ढेकूळ सुटून पाण्यात पडल्याचा आवाज यायचा. आई म्हशीला वैरण घालायची. मी तो आवाज ऐकत बसायची.

संचावर सकाळपासून गोंधळ चालला होता.

"तीन नंबर, तीन नंबर, बोला."

कुणी बोलेना. पुलाजवळच्या ठाण्यावरून विजयसिंह पुन्हा पुन्हा हाक मारत होते. शेवटी वैतागून ओरडले, "अहो, फुटकी!"

"व्हय, बोला की!"

तीन नंबर म्हणजे आपण, हे अण्णांच्या ध्यानातच राहत नव्हतं. तेवढ्यात कुणी नवखा मध्येच घुसला. "फुटकी असेल तर माणसं बसवू नका! असतील तेवढी ताबडतोब उतरवा!"

"उतरवू कुठं? पाण्यात?"

आई तोंडाला पदर लावून हसली. मीही हसले. मग भिंतीतून पुन्हा काहीतरी सुटलं.

होडीवाल्याच्या घरची माणसं शेवटी निघतात, ही आमच्याकडची रीत. त्यानं आधी आपलीच माणसं काढली, तर बाकीच्यांचा भरवसा उडतो. माणसं उंचावरच्या शाळेत पोचवणारी अण्णांची प्रत्येक फेरी आमच्या खिडकीखालून जायची.

"अनू, ज्ञानूच्या म्हातारीला आणतो आधी. चालंल न्हवं?"

"चालेल. आमचं ठीक आहे."

दर खेपेला ते मान वर करून विचारायचे आणि मी तेच सांगायची. ते खुशीत हात हलवायचे. पाणी आणखी एक पायरी चढलेलं असायचं.

ज्ञानूच्या घरच्यांना घेऊन जाताना म्हणाले, "ही फेरी शाळेत टाकली की तुमीच. आईला म्हणावं, च्या ठेव."

आईनं स्टोव्हवर चहा ठेवला. चहा झाला. तिनं त्यांच्या पेल्यावर बशी झाकली.

"फुटकी, फुटकी, बोला." विजयसिंहांचा आवाज. "फुटकी, कुठं आहात?"

या नावाला ते लगेच ओ देत. मी संच हातात घेतला.

बराच वेळ नुसती खरखर. मग विजयसिंह म्हणाले, "ताई, तुमच्याजवळ कोण आहे?"

"आई आहे. पलीकडं, म्हशीजवळ."

"शाळेतून निरोप आलाय. अण्णांनी सगळ्यांना उतरवलं, होडी खांबाला बांधली आणि पायरीवर बसले. ते उठलेच नाहीत. डॉक्टर तिथंच होते, ताई. काही करता आलं नाही. तुमच्यासाठी दुसरी होडी पाठवतो. पण ती लांब आहे. वेळ लागेल."

मी "बरं" म्हणाले.

"काय म्हणत्यात?" आईनं विचारलं. "निघालं का?"

मी वळून पाहिलं नाही. वळले असते तर तिला कळलं असतं. समोर जिना होता, आणि जिन्यात पाणी. त्यांचा संच होडीतच असणार, त्यांच्या बसायच्या फळीवर, चालू. मी बटण दाबलं.

"फुटकी," मी म्हणाले. "फुटकी, ऐकू येतंय का? अण्णा, आमचं ठीक नाही. मला भीती वाटतेय. मला न्यायला या."