कोरड्या डेकवरचे तीन पट्टे

मित्रांनो, मी एक होडी आहे आणि माझे वय एकवीस वर्षे आहे. मला सर्रास 'जुनी' म्हटले जाते, आणि या शब्दाबद्दल माझी तक्रार आहे. जुने म्हणजे निकामी, असा जो अर्थ लोक गृहीत धरतात तो मला मान्य नाही. माझा सांगाडा शाबूत आहे, माझ्या तळातून थेंबभर पाणी झिरपत नाही आणि या तीरावरून त्या तीरावर मी रोज बारा खेपा करते. तरीही आज सांगणार आहे ती माझ्या कर्तृत्वाची कथा नाही. सगळे दिसते पण बोलायला तोंड नाही, अशा एका वस्तूची ती हकीकत आहे.

मला घडवणारा सुतार अबोल होता. फळी बसवण्याआधी तो तिच्यावरून तळहात फिरवी आणि हाताला काही खटकले तर ती निमूटपणे बाजूला ठेवी. माझ्या पुढच्या टोकाकडे त्याने नऊ फळ्या ठोकून एक सपाट जागा केली. तिलाच डेक म्हणतात. त्या फळ्यांना त्याने रंग दिला नाही, नुसते तेल पाजले. ओल्या पायांनी कोणी उभे राहिले तरी लाकडाच्या रेषा तळव्याला धरून ठेवत.

माझा मालक नावाडी मागे बसून इंजिन सांभाळी. त्याची बायको पुढे डेकवर दोर घेऊन उभी राही. सगळे उतारू तिला वहिनी म्हणत. होडी धक्क्यापाशी आपोआप थांबत नाही, तिला थांबवावे लागते. धक्का दोन हातांवर आला की वहिनी डेकच्या कडेवर एक पाय रोवी, धक्क्यावरच्या खुंटाला दोराचा फास टाकी आणि मी शहाण्या जनावरासारखी उभी राही. इतक्या वर्षांत तिचा फास एकदाही चुकला नाही.

परंतु उन्हाने अखेर फळ्या तडकल्या. चिरांमधून पाणी खाली उतरू लागले. डेक रंगवणे भाग होते आणि प्रश्न एवढाच होता की कोणता रंग परवडेल.

दुकानात होड्यांच्या डेकसाठी मुद्दाम केलेला रंग होता. तो वाळू मिसळल्यासारखा खरखरीत होता आणि त्याची किंमत ऐकून नावाडी दोन पावले मागे सरकला होता. दुसरा रंग सिमेंटच्या जमिनीचा. तो त्याहून स्वस्त होता. तिसरा मात्र फुकट होता. वहिनीचा थोरला भाऊ घरे रंगवण्याची कामे घेई. एका घराची दारे रंगवून उरलेला चकचकीत ऑइलपेंटचा डबा तो घेऊन आला.

"रंग तो रंग!" तो म्हणाला. "दुकानदारानं डब्यावर होडीचं चित्र छापलंय, त्याचे पैसे घेतोय तो."

"अरे दादा, पण हा दारांचा रंग," वहिनी म्हणाली. "दारावर कोणी चालतं का?"

"चालत नाही, पण उशीर झाला की दाजी तुमच्या दाराशी किती वेळ उभे असतात, ते ठाऊक आहे मला!"

नावाडी हसला. "मेहुणे, माझी अब्रू राहू द्या. असं करू, तिन्ही रंग थोडे थोडे लावून बघू. पाय काय म्हणतो ते ऐकू."

मला हा विचार अत्यंत शहाणपणाचा वाटला. दुकानदाराने वाटीवाटीभर नमुना दिला. माझ्या डेकवर वीतभर रुंदीचे तीन पट्टे ओढले गेले. चार दिवस ते उन्हात वाळले. पाचव्या दिवशी वहिनी परीक्षेला आली आणि येताना सुती फडके घेऊन आली. मित्रांनो, ती फार टापटिपीची बाई. "धूळपाणी राहिलं तर पायाला नीट कळायचं नाही," असे म्हणत तिने तिन्ही पट्टे पुसून पुसून कोरडे ठणठणीत केले. मग अनवाणी पायांनी ती एकेका पट्ट्यावर उभी राहिली.

"हा पहिला बोचतो. दुसरा बरा आहे. आणि दादाचा... अगंबाई, हा तर छान लागतो! घरातल्या फरशीसारखा."

"घसरतो का?" नावाड्याने विचारले.

"छे, उलट पाय धरून ठेवतो. चिकटतोच म्हण ना."

तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते. कोरडा ऑइलपेंट अनवाणी पायाला चिकटतोच. पण डेक कोरडा असतो केव्हा? माझ्या दोन्ही अंगांना पाणी होते. ज्या तीन माणसांचे सारे आयुष्य, निदान त्यांपैकी दोघांचे, पाण्यावर गेले, त्यांच्यापैकी एकालाही त्यातले ओंजळभर पाणी घेऊन पट्ट्यावर टाकावेसे वाटले नाही. मी जीव तोडून हललेसुद्धा. "वारा सुटलाय," नावाडी म्हणाला.

मेहुण्याने रंगाचे दोन हात मन लावून दिले. मी आरशासारखी झळकू लागले. उतारू म्हणत, "वहिनी, होडी नवी घेतली की काय?" आणि मला कबूल केले पाहिजे की ती स्तुती मला आवडली. मात्र तिसऱ्याच पहाटे डेकवर दव पडले असताना धक्क्यावरची मांजर माझ्यावर उडी मारून आली आणि चारही पाय फाकून थेट कडेपर्यंत घसरत गेली. मग तिने काही घडलेच नाही अशा थाटात अंग चाटले. ते पाहणारी मी एकटीच होते.

पुढे चारच दिवसांनी, वाऱ्याच्या एका सकाळी, धक्का जवळ येत असताना एक लाट डेकवर फुटली. वहिनीने कडेवर पाय रोवला. तो रोवलाच गेला नाही. ती पुढे पडली आणि सावरण्यासाठी तिने धक्क्याची कड उजव्या हाताने पकडली. मागून मी येत होते. मित्रांनो, मला थांबायचे होते. पण मला थांबवणारी तीच होती आणि तिचा हात माझ्या व धक्क्याच्या मध्ये होता.

नंतरच्या आठवड्यात नावाड्याने माझा डेक खरवडून काढला. दुसऱ्या दिवशी मेहुणा आला, काचपेपर घेऊन शेजारी बसला आणि दिवसभर घासत राहिला. त्याने एकही थट्टा केली नाही. पहिला, खरखरीत रंग आता अर्धा डबाच आणला गेला आणि पाय पडतो तेवढ्याच जागी लावला गेला.

महिन्याभराने वहिनी धक्क्यावर आली.

"बघ," नावाडी म्हणाला, "दोन बादल्या ओतल्यात. मी वर नाचून दाखवलं मघाशी, मेहुण्यांना विचार. पाय तसूभर हलत नाही. ये ना."

"पायाचं कुठे म्हणतेय मी," ती म्हणाली. तिने उजव्या हाताची मूठ वळून दाखवली. तीन बोटे वळली, दोन सरळच राहिली. "दोर कुणी धरायचा?"

आता धक्का जवळ आला की नावाडीच इंजिन बंद करून धावत पुढे येतो. पुष्कळदा पोचत नाही आणि मी धक्क्यावर आदळते. वहिनी धक्क्यावर उभी राहून उतारूंच्या पिशव्या डाव्या हाताने घेते.

मित्रांनो, स्वस्त घेऊ नका, असे मी म्हणणार नाही. परवडेल तेच माणूस घेतो आणि त्यात लाज नाही. माझी विनंती एवढीच आहे की जी वस्तू पाण्यात वापरायची, तिला पाण्यात पारखा. आम्ही वस्तू कधी खोटे बोलत नाही. पण विचारल्यावाचून आम्हाला काही सांगताही येत नाही, आणि मला विचारायला फक्त ओंजळभर पाणी लागले असते.