व्हार्निशमधली पावलं

मुलाने जमिनीला जखडलेल्या पेटीचा शेवटचा स्क्रू काढला, तसे दारात खुर्ची टाकून बसलेले बाबा म्हणाले,

“पेटी राहू दे. तिच्याखाली कोण बघायला जातंय?”

“तासायचं तर सगळंच तासू ना.”

बोटीच्या केबिनमधल्या लाकडी जमिनीवरचं व्हार्निश पोपडे धरून उठलं होतं. मधोमध मात्र ती पावलं शाबूत होती. ओल्या व्हार्निशमध्ये रुतलेली, कोपऱ्यातल्या पेटीकडून दाराकडे गेलेली. बाबांनी ती कधी बुजवली नाहीत. बोट बघायला आलेल्या प्रत्येकाला दाखवायचे, “आमच्या चिरंजीवांचा प्रताप. वाळेपर्यंत धीर निघाला नाही.”

पाहुणे हसायचे. चिरंजीव तेव्हा शाळेत होते, पण पाय वडिलांएवढेच झाले होते. ‘मी नव्हतो’ म्हणाल्याबद्दल त्यांना आणखी एक थोबाडीत मिळाली. पावलं बाहेर आली, तर आत कधी गेली, हे कुणी विचारलं नाही. पावलं होती, घरात मुलगा होता. एवढा पुरावा पुष्कळ झाला. पुढे बाबांच्या कारखान्याची किल्ली जावयाला मिळाली आणि चिरंजीव दुकानात फरशा विकायला लागले. आता जावयाची कंबर धरली होती, म्हणून पोटच्या पोराची आठवण झाली होती.

त्याने पेटी ओढली.

खाली दोन पावलं शेजारी शेजारी उभी होती. बाजूला डब्याचा गोल ठसा. दोन्ही ठिकाणी तेवढ्याच आकाराचं कोरं लाकूड, ज्याला व्हार्निश कधी लागलंच नव्हतं. दारापासून हात मारत मारत मागे सरकलेला माणूस शेवटी जिथे अडकतो, नेमकी ती जागा.

बाबा चष्मा पुसत होते. बराच वेळ पुसत होते.

“ओल आहे का रे खाली?”

“नाही. कोरडं आहे.”

त्याने पावलांवर पत्र्याची धार धरली आणि खरवडायला लागला. मग मशीन फिरवलं, मग पॉलिशपेपर. ऊन उतरेपर्यंत लाकूड नव्यासारखं उजळ झालं. धूळ पुसून तो बाहेर आला, तर बाबा ब्रश घेऊन तयार.

“शेवटचा हात माझा. तुझ्यात धीर नाही.”

ते आत शिरले, गुडघे टेकले आणि दाराशीच पहिला हात मारला.

मुलाने तोंड उघडलं. मग मिटलं. व्हार्निशचा डबा तेवढा आत सरकवला.

तो बाहेर बसून राहिला. आतून ब्रशचा आवाज येत होता, दूर दूर जात होता. मग थांबला.

“अरे, आहेस का?”

“आहे.”

“एक फळी टाक बरं इथे.”

“मागच्या वेळी कसे आलात बाहेर?”

व्हार्निशचा वास तेवढा येत राहिला.

बाहेर फळी एकच होती, आणि मुलगा तिच्यावर बसला होता.