एक मिनिट बत्तीस सेकंद

मित्रांनो, मी एक जुनं स्टॉपवॉच आहे, पालक्काडजवळच्या एका शाळेचं. एकोणीस वर्षं कुरियाकोस सरांच्या गळ्यात लटकून मी मुलींच्या शर्यती मोजल्या. सेकंदाचा शंभरावा भागही सोडत नाही म्हणून सगळे माझं कौतुक करायचे. आज त्या कौतुकाचीच लाज वाटते.

राज्य स्पर्धा अकरा दिवसांवर होती. आठशे मीटरच्या सरावात, दुसऱ्या फेरीत, अभिरामी धावता धावता तोंडावर कोसळली. सरांनी आधी माझं बटण दाबलं आणि मग ते धावले. मीही आज्ञाधारकपणे थांबलो.

"सकाळी पुट्टू खाल्लं नसेल, दुसरं काय!" म्हणत सरांनी तिला ग्लुकोज पाजलं. पण बातमी कळताच धावत आलेली तिची आई शोभना ऐकेना. "मागच्या महिन्यातही अशीच पडली होती, सर. दवाखान्यात चला."

डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "धावताना पडली की थांबल्यावर? थांबल्यावर चक्कर आली तर बहुतेकदा घाबरण्यासारखं नसतं. धावताना पडली असेल, तर हृदय तपासल्याशिवाय मी सोडणार नाही."

अभिरामीला काहीच आठवत नव्हतं. सर छताकडे बघत म्हणाले, "शर्यत पूर्ण केली, मग पडली."

मला सगळं माहीत होतं. मी त्यांच्या छातीवरच लटकत होतो.

"वेळ किती लागला?" बाईंनी सहज विचारलं.

सर वेळ कधी तोंडी सांगत नाहीत, मलाच पुढे धरतात. संध्याकाळी वहीत लिहीपर्यंत आकडा पुसतही नाहीत. सवयीने त्यांनी मला पुढे केलं. एक मिनिट बत्तीस सेकंद.

"एवढ्या वेळात आठशे मीटर? जगातला कुठला पुरुषही नाही धावलेला, सर!"

"स्वतःची पोर असती, तर असंच सांगितलं असतंत?" शोभना म्हणाली.

सरांची मान खाली गेली. "धावतानाच पडली," ते पुटपुटले.

मग हृदयाचा आलेख काढला, सोनोग्राफी झाली. हृदयाचा स्नायू जाड झाला होता. आणखी एखादी शर्यत तिच्या जिवावर बेतली असती.

अभिरामी आता औषधं घेते. शर्यत बंद झाली, तेव्हा ती फार रडली. हल्ली मैदानाच्या कडेला बसून इतर मुलींची वेळ ती मोजते. परवा एक धाकटी मुलगी धावताना अडखळून पडली. अभिरामीने बटण दाबलंच नाही. मला मातीत फेकून ती धावली.

मित्रांनो, कुणी पडलं तर आधी त्याच्याकडे धावा आणि डॉक्टरांना खरं तेच सांगा. माझी काच तडकली आहे. त्या मातीत पडल्या पडल्या मी चालतच राहिलो, आणि कुणीच माझ्याकडे पाहिलं नाही. मला फार बरं वाटलं.