फाटकावरचा फोटो

शेजारच्या भगवंताचं नाव निघालं की खुशालरावांच्या पोटात दुखायचं. या वर्षी दुखणं वाढलं. नांदगाव खंडेश्वरच्या रस्त्यावरच्या सूतगिरणीत जर्मनीच्या लोकांनी पैसा घातला आणि अट घातली, की बॉयलरात कोळसा बंद, हवेत धूर कमी. कोळशाच्या जागी आता पऱ्हाटी जाळायची. कापूस वेचून झाला की वावरातच पेटवून द्यायची ती वाळकी झाडं ट्रॉल्या भरून गिरणीत जाऊ लागली. पहिली ट्रॉली भगवंतानं नेली, म्हणून त्याचा फोटो गिरणीच्या फाटकावर लागला.

"तुमीही देऊन टाका ना आपली पऱ्हाटी," बायको शकुन म्हणाली. "उपटून तर पडलीच हाय."

"भगवंताच्या मांगं मांगं जाऊ? अवं, त्या फोटोत त्याच्या डोक्शावर फेटा हाय ना, तो माहा हाय! त्याच्या पोरीच्या लग्नात मांगून नेला, वापस नाई केला."

"मंग मांगून घ्या."

"आता मांगू? गाव म्हनन, खुशाल जळून राहिला."

जळत तर होतेच बिचारे.

मंगळवारी जर्मनीचा गोरा साहेब भगवंताचं वावर पाहायला आला. मंडप, हार, चहा, सगळं बांधापलीकडे. वारा नेमका तिकडेच वाहत होता. खुशालरावांनी काडी ओढली आणि दोन ट्रॉल्या पऱ्हाटी पेटवून दिली. दरवर्षी पेटवतो, कोण काय म्हणणार! धुरात मंडप दिसेनासा झाला. खुशालरावांना फार बरं वाटलं.

तेवढ्यात साहेब खोकत खोकत बांध ओलांडून इकडेच आला. सोबत गिरणीच्या अनीसा मॅडम. साहेबानं मोबाइल वर धरला. खुशालराव ताठ झाले, मिशीवर हात फिरवला, आगीसमोर छाती पुढे काढून उभे राहिले.

"काका, नाव काय तुमचं?" मॅडमनी विचारलं.

"खुशालराव. पुरं लिवजा, बाई."

आठ दिवसांनी ते शकुनला घेऊन फाटकाशी गेले. खरंच, भगवंताशेजारी त्यांचा फोटो लागला होता. भगवंताखाली लिहिलं होतं, 'असं करा.' खुशालरावांखाली पुरं नाव, आणि वर धूर, आणि लाल अक्षरात, 'असं करू नका.'

शकुननं पदर तोंडाशी धरला. "चाला घरी. लाज वाटून राहिली मले."

खुशालराव हलले नाहीत. कान तापले होते. एकदा हा फोटो पाहिला, एकदा तो. मग हाताची वीत लावून दोन्ही मोजले.

"पाह्य," ते म्हणाले, "भगवंतापक्षा चार बोटं मोठा हाय माहा."