बाटलीतल्या दोन चिठ्ठ्या

“आपल्याच तळ्यातली गोगलगाय बघायला समुद्र ओलांडून या म्हणतायत!” ताई हसत म्हणाली आणि हातातलं पत्र तिनं मी निवडत असलेल्या भाजीशेजारी ठेवलं.

माझी थोरली बहीण कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. लग्न केलं नव्हतं. घरामागच्या तळ्यात एक बारीक, तांबूस गोगलगाय सापडायची. तिची आजवर कुणीच नोंद केलेली नाही, अशी ताईची खात्री होती. तिला आईचं नाव द्यायचं होतं. आमच्या आईला जन्मभर कुणी नावानं हाक मारली नाही. ती कायम कुणाची तरी सून, नाहीतर आमची आई. स्पिरिटच्या बाटलीत गोगलगायीबरोबर ताईनं त्या नावाची चिठ्ठीसुद्धा टाकून ठेवली होती.

पण तिनं परदेशी नियतकालिकाला पाठवलेला लेख परत आला. फार पूर्वी कुणा साहेबानं याच तळ्यातून नेलेली एक गोगलगाय विलायतेतल्या संग्रहालयात होती. तिच्याशी ताडून पाहा, मग छापू. ताईनं ती पोस्टानं मागवली, तर उत्तर आलं: नाजूक आहे, पाठवता येत नाही, इथे येऊन पाहा.

रजा नि प्रवासखर्च मागायला गेली तेव्हा प्राचार्य म्हणाले, “बाई, गोगलगायीच्याच चालीनं निघा. निवृत्तीपर्यंत पोचाल!” सगळे हसले. ताईही हसली. घरी आल्यावर मात्र जेवली नाही.

पुढे तिकडचाच एक तरुण संशोधक आला. वागायला गोड. आमच्याकडे जेवला, ताईबरोबर गुडघाभर चिखलात उतरला. ताईनं आपण होऊन त्याला चार गोगलगायी दिल्या. “ती जुनी बघून मला कळव हं,” एवढंच सांगितलं.

संग्रहालय त्याच्या घरापासून चालत जाण्याजोगं. वर्षाच्या आत त्याचा लेख छापून आला. गोगलगाय खरंच नवी निघाली आणि तिला त्याच्या गुरूंचं नाव लागलं. ताई शेवटी, आभारात होती. कॉलेजात ते नियतकालिक येत नसे, त्यामुळे लेख वाचायलाही तिला त्याच्याकडेच मागावा लागला.

मी भडकले. “गोगलगाय नि पोटात पाय म्हणतात ते हेच!”

“तिचे पाय पोटातच असतात गं,” ताई म्हणाली. “त्यात तिचा काय दोष?”

मग तिनं पेन्सिलीनं, नेहमीच्या टपोऱ्या अक्षरात नवं नाव लिहिलं आणि चिठ्ठी बाटलीत सोडली.

“अगं, जुनी काढ की आधी.”

“जुनी काढायची नसते. चुकीची ठरली तरी आतच राहते. आमच्यात रीत आहे तशी.”

ताई गेल्यावर कॉलेजनं तिचं कपाट रिकामं केलं, तेव्हा ती बाटली मी मागून आणली. आता घरात आम्ही दोघीच, मी नि ती गोगलगाय. स्पिरिट उडून जातं, म्हणून अधूनमधून भर घालते. शाई त्यात विरघळते, पेन्सिल विरघळत नाही.

बाटली उजेडाकडे धरून जराशी कलती केली की पुढची चिठ्ठी सरकते आणि मागे आईचं नाव दिसतं. मी ते एकदा मोठ्यानं म्हणते, आणि बाटली जागेवर ठेवते.